सरांच्या मेलपेटीतला एक देशमुख

ही गोष्ट मी आजवर कुठल्याही माइकवर सांगितलेली नाही. आणि माझ्यासारख्यानं एखादी गोष्ट माइकवर सांगितलेली नाही, म्हणजे — तुम्ही मला ओळखत असाल तर आत्ताच सावरून बसाल.

मी विनायक राऊत. अमरावतीत एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो, आणि खरं सांगायचं तर उरलेल्या वेळात शिकवतो. मुख्य धंदा सूत्रसंचालनाचा. सत्कार असो, वर्धापनदिन असो, कोणाच्या मुलीचं संगीत असो — समोर चार माणसं आणि हातात माइक आला की मी सुटलोच. स्वतःच्या मुंजीपासून बायकोच्या स्कूटर शिकण्यापर्यंत माझं सगळं आयुष्य मी तिखटमीठ लावून लोकांना वाढलेलं आहे. पण ही नाही. ही बायकोलाही सांगितली नाही. काल दुपारपर्यंत ही फक्त मला आणि एका यंत्राला ठाऊक होती, आणि यंत्र बिचारं माझ्याच सांगण्यावरून गप्प होतं.

कुठून सुरू करू? जे केलं तिथूनच करावं — पण तुम्हाला आधी गावंडे सर भेटायला हवेत. नाहीतर तुम्ही म्हणाल, एका मेलचं काय ते एवढं?

गावंडे सरांनी आम्हाला कॉलेजात मराठी शिकवलं आणि आमच्याकडून नाटकं बसवून घेतली. मूळचे मोर्शीचे. आवाज असा की तालीम हॉलमध्ये चालायची आणि रस्त्यावरचा रिक्षावाला थांबून ऐकायचा. आता ऐंशीच्या पुढे आहेत. काकू गेल्या, मुलगा हैदराबादला, सर इथे एकटे. आवाज आहे तसाच आहे, पण कान पार गेलेत. कानाचं यंत्र घेतलं होतं. चार दिवसांत काढून कपाटात टाकलं. म्हणाले, "कानात शिट्टी वाजते बे सारखी. मले वाटते, चांदूरची गाडीच आली." त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. म्हणून या माणसानं पंचाहत्तरी उलटल्यावर कॉम्प्युटर घेतला, एका बोटानं टाइप करायला शिकला आणि ईमेल सुरू केला. स्क्रीनवर अक्षरं एवढी मोठी की एका वेळी दोन ओळी मावायच्या.

आणि सर मेल मनातल्या मनात वाचत नाहीत. स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येत नाही ना — त्यामुळे ते मोठ्यानं वाचतात. नाटकातला उतारा वाचावा तसे. थांबे घेऊन, चढउतार देऊन. बँकेचा मेलसुद्धा: "प्रिय ग्राहक! आपले केवायसी — अद्ययावत — नाही!" 

आता दुसरा माणूस. गजानन देशमुख, आमचा गजू. माझा वर्गमित्र. अकोल्याकडच्या एका खेड्यातून आला, होस्टेलला जागा मिळाली नाही, तर सरांनी त्याला घरी ठेवून घेतलं. दोन वर्षं काकूंच्या हातचं जेवला. सर त्याच्यावर जीव टाकायचे. नट म्हणून तो — हे लिहिताना अजूनही बोट अडखळतं बघा — माझ्यापेक्षा चांगला होता. पण शिक्षण संपलं तसा तो अकोल्याला परत गेला आणि एका दालमिलमध्ये लागला. नाटक सोडलं. सरांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. कितीतरी वर्षं. कारण एवढंच, की पोरानं नाटक सोडलं.

मग ईमेल आला आणि बर्फ वितळलं. गजूनं कुठून तरी सरांचा पत्ता मिळवला, घाबरत घाबरत चार ओळी लिहिल्या. सरांनी उत्तर दिलं. मग सुरूच झालं ते. दर आठवड्याला गजूचा लांबलचक मेल यायचा — मिलमधल्या गमती, कॉलेजच्या आठवणी, काकूंची मेतकूट-भाताची वाटी. मी संध्याकाळी आमच्या अमरावतीचा गिला वडा घेऊन सरांकडे जायचो. पूर्वी मी जायचो तेव्हा मी बोलायचो — म्हणजे हातवारे करून, ओठ स्पष्ट हलवून, पाटीवर एखादा शब्द लिहून — आणि सर हसायचे. आता मी दारात दिसलो की सर म्हणायचे, "बस. ऐक, काय लिहून राहिला हा!" आणि वाचायला लागायचे. वडा थंड. माझी गोष्ट घशात.

हेवा म्हणता का? म्हणा. पण हेव्यानं मी जे केलं ते केलं नाही. भीतीनं केलं. भीतीला मी नंतर हेव्याचे कपडे घातले, कारण हेवा त्यातल्या त्यात बरा दिसतो.

त्या वेळी सरांच्या मेलपेटीवर नको त्या मेलचा पूर आला होता. कर्ज घ्या, लॉटरी लागली, शर्टावर शर्ट फुकट, केस परत उगवा. एका विवाहमंडळानं तर सरांना "तुमच्यासाठी अनुरूप स्थळे" पाठवायला सुरुवात केली होती, आणि सर तेही मोठ्यानं वाचायचे — "गोरी! गृहकृत्यदक्ष! वय सव्वीस!" शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या वहिनी खाली उतरून गेल्या. तेव्हा सर मला म्हणाले, "विनायक, या उपटसुंभायचा काही बंदोबस्त कर."

मी केला. तज्ज्ञ मी काही नव्हतो, पण खटपट्या आहे. फिल्टर कसा लावायचा ते शिकलो. पाठवणाऱ्याच्या जागी नाव किंवा पत्ता टाकायचा, त्याचं काय करायचं ते खाली सांगायचं — बाजूला ठेवा, वाचलेला समजा, सरळ कचऱ्यात टाका — की झाला नियम तयार. त्यानंतर त्या माणसाचा मेल आला की समोर दिसतच नाही, आल्या पावली कचरापेटीत. तिथे महिनाभर पडून राहतो आणि मग कायमचा जातो. सुरुवातीला चुका झाल्या. "ऑफर" शब्द अडवला तर सरांच्या प्रकाशकाचा मेल गेला. एका दुकानाचा पत्ता अडवला तर ते दुसऱ्या पत्त्यावरून घुसलं. मी एकेक नियम तपासायचो, स्वतःच्या फोनवरून मेल पाठवून बघायचो, सुधारायचो. मजा यायची. सर मला येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे — "हा आमचा इंजिनिअर."

आणि अशाच एका सकाळी मी नियम तपासत बसलो होतो. सर आंघोळीला गेलेले. पेटीत वरच गजूचा नवा मेल, न वाचलेला, ठळक काळ्या अक्षरात. विषय होता: "सर, तो दरवाजा आठवतो?"

मी बाथरूमच्या दाराकडे बघितलं आणि तो मेल उघडला. 

कारण त्या दरवाजावर मी तीस वर्षं जगत होतो.

सांगतो. गॅदरिंगचं नाटक होतं. मी हवालदार, गजू घरमालक. मी दार ठोठावायचं, त्यानं उघडायचं. मी ठोठावलं — आणि पुठ्ठ्याचं दार चौकटीसकट धाडकन स्टेजवर आडवं झालं. मी खांबासारखा उभा. समोर भरलेलं सभागृह. सर त्या क्षणी मागे फ्यूज बघायला गेलेले. तेव्हा घरमालकानं हात जोडले आणि म्हटलं, "या हवालदारसाहेब, या! तुमच्यासाठी आमी दार उघडत नाही, पाडूनच ठेवतो!" सभागृह जे कोसळलं ते थांबेचना. नाटक वाचलं, बक्षीस मिळालं.

घरमालकानं म्हटलं. म्हणजे गजूनं.

मी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल? सगळीकडे सांगितली. माझी ओळखच ती. फक्त माझ्या गोष्टीत घरमालक मी असतो आणि हवालदार "कोणीतरी एक पोरगा". पहिल्यांदा कधी बदललं ते आठवतही नाही. इतक्यांदा सांगितलं की कधी कधी मला ते वाक्य तोंडातून निघताना आठवतं. सरांना कोण काय होतं ते ठाऊक, म्हणून त्यांना सांगितलं की ते वाक्य मीच गजूला हळूच सुचवलं — त्याच रात्री नाही, काही वर्षांनंतर, गजू अकोल्याला गेल्यावर. सरांनी ती गोष्ट सगळ्यांना सांगितली.

आणि आता गजू सरांना लिहीत होता — अगदी निर्मळपणे, मला खोटं पाडायला नव्हे, त्याला माहीतही नव्हतं मी काय सांगत फिरतो ते — की "सर, विन्या तर दगड झाला होता, मले कसं सुचलं कोण जाणे."

बाथरूममधून बादलीचा आवाज येत होता. मी तो मेल पुसला.

एवढ्यावर थांबलो असतो तर? थांबलो नाही. कारण लगेच वाटलं, पुढच्या आठवड्यात हा परत लिहील. आठवणींचं पोतं उसवलंय याचं. कडी वाजली. मी घाईघाईनं नवा नियम उघडला, पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजीत टाइप केलं — देशमुख — आणि खाली निवडलं: कचऱ्यात टाका.

फक्त देशमुख. अमरावतीत!

बाहेरच्यांना याचा अर्थ कळायचा नाही. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत "देशमुखसाहेब" अशी हाक मारा, अर्धी पंगत वळून बघते. सरांचे डोळ्यांचे डॉक्टर देशमुख. वाचनालयाचे सचिव देशमुख. पेन्शनरांच्या संघटनेचे अध्यक्ष देशमुख, आणि त्यांच्याशी ज्यांचं भांडण ते माजी अध्यक्षही देशमुख. मी एका बोटानं सगळे कचऱ्यात घातले.

पुढचा आठवडा सरांची पेटी शांत. एकदम स्मशान. सर बेचैन. मी गेलो तर म्हणाले, "काय रे, गावातले समदे देशमुख एकदमच गेले काय? कोणी खबर नाही दिली मले."

मी हसलो. काय करणार? मला तोपर्यंत कळलंही नव्हतं. मग दोन दिवसांनी डोळ्यांचे डॉक्टर स्वतःच स्कूटरवरून दारात. चिडलेले. सरांच्या मोतीबिंदूची तारीख मेलनं कळवली होती, सर आलेच नाहीत, ऑपरेशन थिएटर रिकामं राहिलं. सरांना ऐकू येईना, म्हणून डॉक्टर माझ्यावरच ओरडले.

"अहो राऊत, तुम्हीच पाहता ना यांचं कॉम्प्युटर? मग पाहता काय, डोळे झाकून?"

सर माझ्याकडे वळले. "विनायक, कावून होऊन राहिलं असं? शोध."

आणि मी शोधलं! काय शोधलं म्हणता — माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम प्रयोग होता तो. प्रेक्षक एकच, तोही बहिरा, पण मी जीव ओतला. भुवया आवळल्या. वायफायचा डबा बंद करून चालू केला. वायर काढून फुंकली. खिडकीबाहेर टॉवरच्या दिशेनं बघून मान हलवली. पाटीवर लिहिलं — "सर्व्हर". सर गंभीर होऊन "अस्सं" म्हणाले. तीन दुपारी मी तो नियम शोधत होतो जो मी स्वतः लिहिला होता आणि जो यादीत सर्वात वर बसून माझ्याकडे बघत होता.

बघा, मला सांगताना मजा यायला लागली. हाच माझा दोष आहे. इथे हसवून मी पुढचं पटकन उरकून टाकेन, म्हणून आता आवाज उतरवतो.

तिसऱ्या दुपारी तो नियम उघडला. समोर दोन वाटा होत्या. काढून टाकायचा — एक टिचकी. गजू परत आला असता, मेल परत आले असते, डॉक्टर परत आले असते. मला फार तर दरवाजा गमवावा लागला असता. ती संधी होती. पहिल्यांदा केलं ते घाईत, बाथरूमची कडी वाजत असताना. या वेळी कुठली कडी वाजत होती? सर पलीकडे कूलरसमोर झोपले होते. मला वेळच वेळ होता.

मी "देशमुख" पुसलं. आणि त्या जागी गजूचा पूर्ण पत्ता टाइप केला. एकेक अक्षर तपासून. टिंब बरोबर आहे का ते बघून. मग खात्री करून घेतली की बाकीच्या देशमुखांचे मेल येतात, आणि हा एक येत नाही. चाचणी घेतली मी. नियम नीट चालतो की नाही याची.

तेच खरं पाप आहे. बाकी सगळा पोरखेळ. ते मी विचार करून, चाचणी घेऊन केलं.

सर्व देशमुख परतले. सर खूश. डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मोहल्ल्यात माझा जयजयकार. आणि हळूहळू सर विचारू लागले, "गजूचं काही येऊन नाही राहिलं बे." मग विचारणंही कमी झालं. त्यांनी स्वतःहून दोनदा लिहिलं होतं त्याला. गजूनं दोन्हीला उत्तर दिलं — ती उत्तरं कुठे गेली, तुम्हाला ठाऊक आहे. गजूच्या बाजूनं बघा: सर दोन ओळी लिहितात, पण त्याच्या एकाही गोष्टीला, एकाही प्रश्नाला उत्तर नाही. मग त्या दोन ओळीही बंद.

मी कचरापेटी उघडून ते मेल वाचायचो. हो. सरांच्या खुर्चीत बसून. कशाला? अजून दरवाजाचं काही लिहितो का ते बघायला, असं स्वतःला सांगायचो. पण तो इतकं गोड लिहायचा, की मी सगळं वाचायचो. मग महिना झाला की ते जायचे.

त्यातच एक दिवस त्याच्या मुलीच्या लग्नाचा मेल आला.

सरांची एक रीत होती. विद्यार्थ्याच्या घरचं लग्न असलं की सर मंगलाष्टक लिहून द्यायचे. बाजारातलं तयार नाही — त्या मुलीचं, त्या मुलाचं, दोन्ही घरांच्या नावांसकट, गोष्टींसकट गुंफलेलं. माझ्या लग्नात त्यांनी स्वतः म्हटलं होतं. तिसऱ्या कडव्यात मी सायकलवरून पडलेला होतो, भटजी अक्षता टाकायचं विसरून हसत होते. त्यासाठी सरांना आधी सगळं सांगावं लागे: नाव कसं ठेवलं, लहानपणी कशी होती, स्थळ कसं जमलं.

गजूनं ते सगळं लिहिलं होतं. मुलीचं नाव वैदेही, ते काकूंनी सुचवलेलं, तो सरांच्या घरी राहत असतानाच — "तुझ्या पोरीचं ठेवजो" म्हणून. मुलगी लहानपणी मिलमधल्या तुरीच्या ढिगावर झोपायची. जावई मूर्तिजापूरचा, दातांचा डॉक्टर, पण स्वतः इंजेक्शनला घाबरतो. शेवटी लिहिलं होतं, "सर, तुमी रागावले असाल तर माझ्यावर राहा. पोरीले मंगलाष्टक द्या. तुमी या म्हटलं की मी गाडी घेऊन येतो. नाही बोलावलं तर मी कोणत्या तोंडानं येऊ?"

वाचलं. खिडकी बंद केली. गिला वडा सरांच्या पुढे ठेवला.

त्यानंतर गजूनं मला फोन केला. हे तुम्हाला वाक्यावाक्यानं सांगतो, कारण इथे माझ्या हातात सगळं होतं.

"विन्या, सरायले माझे मेल मिळून राहिले नं बे?"

"मिळतात की."

"वाचते ते?"

"वाचतात." आणि मग मी म्हणालो, "पण..." — आणि थांबलो.

काही बोललो नाही. फक्त थांबलो. मी तीस वर्षं माइक हातात धरलाय, मला ठाऊक आहे थांबणं म्हणजे काय. किती वेळ थांबलं की ऐकणारा उरलेलं वाक्य स्वतः पूर्ण करतो. तेवढाच थांबलो.

"बरं," गजू म्हणाला. "समजलं मले. त्यायले काही बोलू नको. वय झालं त्यायचं." मग, "तू तर येशील नं लग्नाले?"

मी गेलो. अकोल्याला, भर उन्हाळ्यात, नवा झब्बा घालून. मंगलाष्टकं बँडवाल्याच्या गायकानं म्हटली — तयार चाल, तयार शब्द, मधे दोन नावं कोंबलेली, त्यातलंही एक चुकलं. गजू अंतरपाटाजवळ उभा होता. फाटकाशी गाडी थांबली की मान वळवायचा. प्रत्येक गाडीला. मी अक्षता टाकल्या, पंगतीत बसलो, दोन वाट्या रस प्यायलो. चांगला होता रस.

त्यानंतर गजूचे मेल थांबले. अडवायला काही उरलंच नाही, पण नियम तसाच राहिला. तीन वर्षं.

मग काल सर म्हणाले, "हे ईमेल बंदच करून टाक, विनायक. नको ते येऊन राहिलं परत."

मी पाटीवर लिहिलं, "नियम दुरुस्त करतो."

सरांनी मान हलवली. "कशाले? मी टाइप करून राहिलो होतो ते गजूसाठी. तो तर लिहीत नाही. पोरीचंही लग्न ठरलं असं कोणीतरी म्हटलं होतं तेव्हा. मी वाट पाहून राहिलो होतो, की मागते काय मंगलाष्टक. नाही मागितलं." आणि हसले. "मोठा माणूस झाला. मिलचा मॅनेजर."

ठरवायला मला वेळ लागला नाही. एवढी वर्षं लागली नव्हती का? आता पुरे. यादी उघडली, तो नियम काढून टाकला. मग रिकामं पान उघडलं आणि टाइप करायला लागलो. सरांना ऐकू येत नाही, त्यामुळे माझा आवाज, माझे हातवारे, माझे थांबे — काहीच कामाचं नव्हतं. नुसती वाक्यं लिहायची होती. मी गजूचे मेल अडवले. मी ते वाचले. त्यानं मंगलाष्टक मागितलं होतं. तुम्ही रागावलात असं मी त्याला वाटू दिलं. दरवाजाचं वाक्य त्याचं होतं, माझं नाही. मधे दोनदा "पण" लिहिलं आणि दोन्ही पुसले. मग खुर्ची सरांकडे सरकवली.

आणि सर मोठ्यानं वाचायला लागले.

मी हे धरलंच नव्हतं. त्या आवाजात — वऱ्हाडातल्या सर्वात सुंदर आवाजात — थांबे घेऊन, शब्द न शब्द स्पष्ट: "मी — गजूचे मेल — अडवले." गच्चीवर वहिनी होत्या. त्या या वेळी खाली उतरल्या नाहीत.

संपलं.  मी वाट बघत होतो दरवाजाची. तीस वर्षं ज्याच्यासाठी जीव मुठीत धरला, त्याबद्दल ते काय म्हणतील?

"दरवाज्याचं मरू दे," सर म्हणाले. "पोरीचं लग्न झालं?"

मी मान हलवली.

"मंगलाष्टक कोणी म्हटलं?"

मी पाटीवर लिहिलं: बँडवाल्यानं.

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ काचा पुसत होते. मला वाटलं, आता मी काहीतरी द्यावं. मी लिहिलं: सर, त्याचे सगळे मेल मला पाठ आहेत. मुलीचं नाव, लहानपण, सगळं. मी सांगतो, तुम्ही लिहा. आणि ते खरंच होतं. ते मेल आता कुठेच नाहीत. या जगात त्यांची एकच प्रत उरली आहे, माझ्या डोक्यात.

सरांनी पाटी वाचली, तीही मोठ्यानं. मग ती माझ्या हातातून घेऊन पालथी टेबलावर ठेवली.

"तुझ्या तोंडून नको," म्हणाले. "तुझ्या तोंडून मी आजवर लय ऐकलं. त्याचं त्याले सांगू दे."

मी उठलो.

"कुठं चालला? अकोल्याले कधी जाशील?"

मी बोटांनी दाखवलं, रविवारी.

"रविवारी कावून? उद्या जा. अन् फोन नको करू आधी. समोर उभा राहून सांग. तो मारते तर मारू दे."

तर आज जातोय. कॉलेजात रजा टाकली. बायकोला हे पान वाचायला देऊन निघणार आहे. मिलच्या फाटकावर नाव सांगेन, गजू बाहेर येईल, येताना हसत येईल, कारण त्याला अजून काही माहीत नाही. तो "ये बे, विन्या" म्हणेल. त्याच्या मागे मिल चालू असेल, त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागेल. मी मोठ्यानं बोलेन.

गजू, तुझे मेल सरांना कधी मिळालेच नाहीत. मी अडवले. सर रागावले नव्हते. सर वाट बघत होते.